इंजिनामागे दडलेले हिटरचे पाईप: जुन्या ट्रकवर ते बदलायचे कसे

कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय, रेडिएटर कोरडा आहे, वॉटर पंप कोरडा आहे, पण ट्रक उभा केला की क्लच हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाच्या) खालच्या टोकाला थेंब लोंबताना दिसतो. जुन्या ट्रकवर हे लक्षण दिसलं की माझी पहिली नजर इंजिनाच्या मागच्या बाजूने फायरवॉलकडे (इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे) जाणाऱ्या लोखंडी हिटर पाईपांवर जाते. तिथे गळती झाली की कुलंट हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागून घरंगळत खाली येतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं किंवा ब्लॉकचा वेल्श प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणारी पत्र्याची चकती) गंजला. या गैरसमजापायी गिअरबॉक्स उतरवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. म्हणून आधी निदान, मग पाना.

हिटरच्या परिपथात दोन वाटा असतात. गरम कुलंट हेडमधून किंवा इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागातून) निघून हिटर कोअरकडे, म्हणजे कॅबिनला ऊब देणाऱ्या छोट्या रेडिएटरकडे, जातं आणि तिथून वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत येतं. पंप इंजिनाच्या पुढे आणि हिटर मागे, त्यामुळे निदान एक पाईप तरी इंजिनाची सगळी लांबी पार करतो. व्ही-आकाराच्या इंजिनात तो बहुधा दोन हेडच्या मधल्या खोलगट जागेतून, मॅनिफोल्डच्या खालून जातो. सिलिंडर एका रांगेत असलेल्या सरळ इंजिनात तो हेडच्या कडेने, एक्झॉस्टच्या उष्णतेच्या शेजारून जातो. पाईपाचा पत्रा साधारण एक मिलीमीटर जाडीचा. जुनं कुलंट गंजरोधक गुण गमावतं तेव्हा तो आतून खाल्ला जातो आणि ब्रॅकेटखाली किंवा होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाखाली ओल साचते तिथे बाहेरून. नेमक्या याच दोन जागा डोळ्यांना दिसत नाहीत.

गळती नक्की कुठे आहे

कॅबिनमध्ये गोडसर वास येतो, पायाखालची चटई ओली होते किंवा काच आतून तेलकट धुकते, तर दोष हिटर कोअरमध्ये आहे. पाईप बदलून तो जाणार नाही. वास फक्त बॉनेटजवळ येतो आणि कॅबिन कोरडी आहे, तर पाईप किंवा होज. वाळलेल्या कुलंटचा पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर हा सर्वांत भरवशाचा पुरावा. हात पोचत नसेल तिथे छोटा आरसा आणि टॉर्च धरा, किंवा मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून व्हिडिओ काढा.

प्रेशर टेस्टर मिळाला तर फारच उत्तम. रेडिएटरच्या झाकणावर दाब छापलेला असतो, पुष्कळ गाड्यांवर तो १५ पीएसआय म्हणजे साधारण १ बारच्या आसपास असतो. तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त नको, आणि पंधरा मिनिटं काटा पाहा. ही चाचणी थंड इंजिनावर एकदा आणि गरम इंजिनावर एकदा करावी. टेस्टर मात्र इंजिन थंड असतानाच लावा, गरम इंजिनाचं झाकण उघडणं धोक्याचं आहे. काही बारीक छिद्रं थंडपणी गळतात आणि धातू फुगला की बंद होतात.

हत्यारं आणि सामान

नेहमीच्या गोटी पान्यांशिवाय या कामात खरा उपयोग होतो तो लांब एक्स्टेन्शन, वाकणारा जॉइंट आणि रॅचेट असलेल्या रिंग पान्यांचा. ब्रॅकेटचे बोल्ट बहुधा १०, १२ किंवा १३ मिलीमीटरच्या डोक्याचे असतात, जुन्या अमेरिकी इंजिनांवर इंची मापाचे. स्प्रिंगच्या क्लिपांसाठी केबलवर चालणारी लांब पक्कड मिळते. ती उसनी मिळाली तरी आणा, तिच्यावाचून मागच्या क्लिपा काढणं म्हणजे बोटं सोलून घेणं आहे.

सामान घेताना फक्त फुटलेला पाईप आणू नका. दोन्ही पाईप, फायरवॉलपर्यंतचे सगळे होज, सगळ्या क्लिपा, ओ-रिंगा (जोडातल्या गोल रबरी कड्या), मॅनिफोल्ड उघडावा लागणार असेल तर त्याचं गास्केट, आणि वाटेत हिटर व्हॉल्व्ह असेल तर तोही आणा. दोन पाईप एकाच वयाचे, एकाच कुलंटमध्ये भिजलेले असतात. एक गेला म्हणजे दुसऱ्याची पाळी जवळ आलेली असते. दहा तास खपून तिथवर पोचल्यावर वीस वर्षांचा होज जागेवर ठेवून येणं मला कधीच पटलेलं नाही.

होजचा आतला व्यास मोजून घ्या. पुष्कळ ट्रकांवर जाणारा होज ५/८ इंची म्हणजे १६ मिलीमीटरचा आणि येणारा ३/४ इंची म्हणजे १९ मिलीमीटरचा असतो. क्लिप आवळून मोठा होज बारीक पाईपावर बसवता येतो असं वाटतं, पण तो सुरकुततो आणि सुरकुतीतून गळतो.

जागा मोकळी करणं

इंजिन पूर्ण थंड हवं. चालू इंजिनातलं कुलंट १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असतं आणि दाबामुळे उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊ शकते. बॅटरीची ऋण तार काढा, कारण मागच्या बाजूला हात घालताना स्टार्टरची जाड तार पान्याला लागू शकते. चाकांना ठोकळे लावा. कॅबिन पुढे कलणारी असेल तर तिची सुरक्षेची दांडी आणि खटका दोन्ही लागल्याची खात्री करा. नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबून कॅबिनखाली डोकं घालू नका.

हिटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा नळ उघडा आणि कुलंट मापाच्या बादलीत काढा. किती लिटर निघालं ते लिहून ठेवा. हा आकडा शेवटी फार कामाला येतो. बादली उघडी ठेवू नका. कुलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

आता वाट कुठून काढायची हे ठरवा. तीन वाटा असतात: वरून, पुढच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या पॅनेलमागून, आणि खालून. बहुतेक जण वरूनच भिडतात आणि तासन्‌तास वाकून पाठ धरते. चाकाआडचं पॅनेल काढायला फार वेळ लागत नाही, आणि हेडच्या मागच्या कोपऱ्यातला बोल्ट तिथून बऱ्याचदा सरळ रेषेत दिसतो. वरून जायचं असेल तर एअर फिल्टरचा डबा, त्याची नळी आणि वायपरखालचं कव्हर आधीच काढून टाका. व्ही इंजिनात पाईप मॅनिफोल्डखालून जात असेल तर मॅनिफोल्ड उचलण्याला पर्याय नाही. तिथे फटीतून पाईप ओढून काढायचा हट्ट धरला की पाईप अर्ध्यात तुटतो आणि मॅनिफोल्ड तर शेवटी काढावाच लागतो.

प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो घ्या. होज कोणत्या तारेच्या वरून जातो आणि कोणत्या खालून, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

जुने होज आणि बोल्ट

हिटर कोअरची तोंडं तांब्याची किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमची असतात. वर्षानुवर्षं चिकटलेला होज पिळून ओढला तर ती तोंडं वाकतात किंवा मुळाशी चिरतात, आणि मग डॅशबोर्ड उतरवण्याचं काम मागे लागतं. म्हणून फायरवॉलकडचा होज कधीही ओढू नका. धारदार पात्याने त्याला लांबीत चीर द्या, पातं धातूत रुतणार नाही इतक्या हलक्या हाताने, आणि केळ्याची साल काढावी तसा तो उलगडून काढा. होज नवीन येणारच आहे. जुना वाचवण्यात काही मिळवायचं नाही.

ब्रॅकेटच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. बोल्ट आधी किंचित आवळा. गंजाची पकड सुटल्याचा बारीक ‘टक’ आवाज आला की मग सोडवायला घ्या. अर्धा आटा सोडा, पाव आटा परत आवळा, तेल मारा, असं पुढेमागे करत आणा. एकाच दमात जोर लावला की एम-६ बोल्टचं डोकं हातात येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये रुतलेल्या बोल्टासाठी भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम गरम केलं तर फार फरक पडतो, कारण ते पोलादापेक्षा जास्त फुगतं. मात्र जवळ इंधनाची नळी असते. तिथे उघडी ज्योत नको, गरम हवेची बंदूक वापरा आणि आधी इंधनाची गळती नाही ना ते पाहा.

पाईप तुटून आत राहिला तर

जुन्या ट्रकवर हे होतंच, म्हणून यावर थोडं थांबतो. इंजिनाकडचं टोक तीनपैकी एका प्रकाराने बसवलेलं असतं: आट्यांनी, दाबून बसवलेलं, किंवा ओ-रिंगवर.

आट्यांचा जोड काही इंजिनांवर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो. तो काळानुसार ठिसूळ होतो आणि पाना लावताच डोकं तुटतं, आटे मॅनिफोल्डमध्येच राहतात. अशा वेळी आधी भोकात दोरा बांधलेली चिंधी कोंबा, म्हणजे कीस कुलंटच्या वाटेत पडणार नाही आणि चिंधीही दोऱ्याने परत ओढता येईल. मग हॅक्सॉचं पातं हातात धरून उरलेल्या कड्याला आतून दोन-तीन चिरा द्या. चीर मॅनिफोल्डच्या आट्यांना टेकण्याच्या जरा आधी थांबा. पातळ छिन्नीने एक तुकडा आत दुमडला की बाकीचे सैल होतात. आतल्या बाजूने पकडणारा एक्स्ट्रॅक्टरही चालतो, पण ठिसूळ धातूत तो कडं बाहेरच्या बाजूला फुगवून आणखी घट्ट करू शकतो. म्हणून मी आधी चिरा देतो. शेवटी योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून फिरवा, कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो.

नवा जोड निमुळत्या आट्यांचा असेल तर त्याला सीलंट लागतोच. शेजारी एका तारेचा तापमान सेन्सर असेल आणि तोही काढला असेल तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका. असा सेन्सर आट्यांतूनच अर्थिंग घेतो, टेपमुळे काटा चुकीचा दाखवायला लागतो.

दाबून बसवलेला पाईप काढताना त्याच्या आत मापाची दांडी घाला, म्हणजे तो चेपणार नाही. मग पाईप पान्याने डावी-उजवीकडे पिळत बाहेर आणा. भोक बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. नव्या पाईपाच्या टोकाला अशा जोडांसाठी मिळणारा, हवा न लागता घट्ट होणारा अ‍ॅनरोबिक चिकटपदार्थ लावा, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हळूहळू ठोका आणि डब्यावर दिलेला पूर्ण वेळ तो वाळू द्या. ही घाई पुढे महागात पडते, कारण अर्धवट वाळलेल्या जोडावर पहिलाच दाब बसतो.

ओ-रिंगचा जोड सर्वांत सोपा वाटतो आणि घाईत सर्वांत जास्त बिघडतो. भोकातला पांढरा थर स्कॉच-ब्राइटने (खरखरीत घासणीने) घासून काढा. नखाने चाचपून पाहा. खड्डा लागत असेल तर नवी ओ-रिंगसुद्धा तिथे गळणार. ओ-रिंगला स्वच्छ कुलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, कारण या ओ-रिंगा आणि होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते फुगून मऊ पडतं. पाईप सरळ आत दाबा, पिळू नका. पिळल्याने ओ-रिंग कापली जाते.

नवा पाईप, किंवा हाताने केलेला

नवा पाईप जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून प्रत्येक वाक आणि ब्रॅकेटचं प्रत्येक भोक ताडून पाहा. बाजारात तयार पाईप मिळतच नसेल तर स्टेनलेस स्टीलच्या नळीचा करून घेता येतो. त्यासाठी जाड तार जुन्या पाईपाच्या वळणांप्रमाणे वाकवून नमुना तयार करा. जुना पाईप मोडून निघाला असला तरी तुकडे जुळवून नमुना मिळतो. एक गोष्ट सोडू नका: होज जिथे चढतो त्या टोकाला उंचवटा हवाच. सपाट नळीवरचा होज कितीही आवळला तरी गरम झाल्यावर दाबाखाली सरकतो. बीडिंगच्या हत्याराने तो उंचवटा काढता येतो.

काही जण लोखंडी पाईप काढून पंपापासून फायरवॉलपर्यंत एकच लांब रबरी होज टाकतात. वाटेत एक्झॉस्ट नसेल, होज कुठे घासत नसेल आणि दर वीतभर अंतरावर आधार दिला असेल तर तेही चालतं. साधा ईपीडीएम होज साधारण १२५ अंशांपर्यंत टिकतो, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पट तापतो. मूळ बनवणाऱ्याने तिथे लोखंड वापरलं ते याच कारणाने. मी तरी एक्झॉस्टच्या बाजूने रबर नेत नाही.

आणि ब्रॅकेट. इंजिन आपल्या माउंटवर हलतं, जोर घेताना फायरवॉलच्या तुलनेत ते चांगलंच कलतं. म्हणून पाईप फक्त इंजिनालाच बांधायचा, एक टोक इंजिनाला आणि एक बॉडीला असं कधीच नाही. शेवटचा तुकडा रबराचा असतो तो या हालचालीसाठीच. तो ताणून बसवू नका, थोडा सैल वाक ठेवा. ब्रॅकेट सुटा राहिला किंवा गाळला तर पाईप थरथरून मुळाशी चिरतो. आधीच्या कारागिराने ब्रॅकेट लावलेच नव्हते, असं कितीतरी फुटलेल्या पाईपांवर दिसतं.

बसवताना

जितकं टेबलावर जोडता येईल तितकं टेबलावर जोडा. अवघड जागेतला होज पाईपावर आधीच चढवा, क्लिप आधीच लावा, आणि क्लिपचा स्क्रू किंवा कान कुठे वळवला म्हणजे पुढच्या वेळी पाना पोचेल ते ट्रकमध्ये पाहून ठरवा. मग तो सगळा सांगाडा एकत्र आत न्या. आत गेल्यावर फक्त सोपा जोड उरला पाहिजे. होजवर पांढऱ्या खडूने सरळ रेघ ओढून ठेवली तर आत नेताना तो पिळला गेला का ते लगेच कळतं.

हात न पोचणाऱ्या जागी मी स्प्रिंगची क्लिप घालतो. रबर वयानुसार आकसतं आणि स्प्रिंग त्याच्यामागे आकसत जाते. स्क्रूच्या क्लिपला पुन्हा आवळावं लागतं आणि तिथे तर पाना पोचत नाही. स्क्रूचीच वापरायची असेल तर खाचा नसलेल्या सपाट पट्टीची घ्या, भोकं पाडलेली पट्टी मऊ होजला कापते. क्लिप उंचवट्यावर नाही, त्याच्या मागे बसवा.

ब्रॅकेटचे सगळे बोल्ट आधी हाताने लावा, पाईप कुठेही ओढ न घेता बसलाय याची खात्री करा, मगच आवळा. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर एम-६ बोल्टला ८ ते १० आणि एम-८ ला २० ते २५ न्यूटन मीटर पुरे, अ‍ॅल्युमिनियममध्ये खालचा आकडा धरा. आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे रुतू नयेत म्हणून लावायचा लेप) लावत असाल तर आणखी हलका हात ठेवा.

होज जोडण्याआधी हिटर कोअर धुऊन घ्या. नळाचं पाणी अगदी बारीक सोडा आणि आधी उलट्या दिशेने वाहू द्या. कोअर सुमारे एक बार दाबासाठी केलेला असतो, पूर्ण सोडलेल्या नळाचा दाब त्याहून बराच जास्त असू शकतो.

कुलंट भरणं आणि हवा काढणं

इंजिन साध्या पाण्याने धुतलं असेल तर ब्लॉकमध्ये काही लिटर पाणी राहून जातं. वरून तयार मिश्रण भरलं की ते पातळ होतं. म्हणून मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कुलंट आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. जुन्या कुलंटचा प्रकार माहीत नसेल तर त्यावर नवं ओतू नका. सगळं धुऊन एकच प्रकार भरा.

हिटर कोअर बहुधा वरच्या पातळीवर असतो, हवा तिथेच अडकते. ट्रकचं नाक चढावर करा किंवा पुढची चाकं उंच करा. हवेचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत सोडा. नसेल तर फायरवॉलकडचा वरचा होज किंचित सैल करून हवा जाऊ द्या. मग झाकण उघडं ठेवून, हिटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सावकाश चालू द्या आणि रेडिएटरचा वरचा होज अधूनमधून दाबा. त्याच्या जवळ पंखा असतो, बाही आणि दोरे सांभाळा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांवर उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते. ती भरा आणि झाकण लावा.

आता फायरवॉलजवळचे दोन्ही होज हाताने चाचपा. दोन्ही गरम, तर परिपथ वाहतोय. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट, तर अजून हवा आहे, व्हॉल्व्ह बंद आहे किंवा कोअर चोंदला आहे. तापमानाचा काटा वर चढत असताना हिटर थंड हवा देत असेल तर इंजिन लगेच बंद करा. हेडमध्ये अडकलेल्या हवेच्या पोकळीत धातू कोरडा तापतो आणि हेड गास्केट जातं.

सुरुवातीला लिहून ठेवलेला आकडा आता काढा. ब्लॉक धुतला नसेल तर जितकं निघालं, जवळपास तितकंच परत गेलं पाहिजे. दीड लिटर कमी गेलं असेल तर तेवढी हवा अजून आत आहे.

प्रेशर टेस्टर पुन्हा लावा, झाकणावर छापलेल्या दाबावर पंधरा मिनिटं. त्यानंतर पॅनेलं बसवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, कुलंटच्या टाकीची पातळी पाहा आणि क्लच हाऊसिंगच्या खालच्या टोकाला कोरडं कापड लावून बघा. पहिल्या काही दिवसांत पातळी थोडी उतरते, उरलेली हवा बाहेर पडत असते. आठवड्यानंतरही ती उतरत राहिली तर आरसा आणि टॉर्च घेऊन पुन्हा मागच्या कोपऱ्यात पाहा, आधी ओ-रिंगचा जोड, मग क्लिपा.